बेताची चमक
धर्माबादच्या बाजारात मिरचीची पोती उलटी होऊ लागली की ठसका कुणालाच चुकत नाही. हमालाला नाही, अडत्याला नाही, नुसत्या वाटसरूलाही नाही. हा ठसका ज्या प्रथिनामुळे लागतो ते टीआरपीव्ही-१, आणि ते धारण करणाऱ्या पेशी घडवणं हे माझं काम. हे प्रथिन म्हणजे पेशीचं एक दार. मिरचीतल्या कॅप्सेसिनने ते उघडतं, पेशीत कॅल्शियम शिरतं आणि मेंदूला आग जाणवते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये त्याचं जनुक शोधलं. २०२१च्या नोबेलमध्ये त्या शोधाचा वाटा होता. दार बंद करणारं वेदनाशामक शोधायला आपल्याकडची ग्लेनमार्क ही औषध कंपनीही उतरली होती.

अशा औषधासाठी हजारो रसायनं पेशींवर घालून बघावी लागतात. जुन्या रीतीत जनुक पेशीत सोडलं की ते गुणसूत्रात कुठेही रुजायचं. एका पेशीत एक प्रत, दुसरीत दहा. जागा वाईट मिळाली तर काही आठवड्यांत ते मुकं व्हायचं.

आता एचईके-२९३ पेशींत आधीच जागा राखलेली मिळते. यीस्टमधलं फ्लिप हे विकर नवं जनुक नेमकं तिथेच जोडतं. त्यातली एक युक्ती मला फार आवडते. हायग्रोमायसिन या पेशी मारणाऱ्या द्रव्यापासून वाचवणाऱ्या जनुकाची एटीजी ही आरंभाची अक्षरं मुद्दाम गाळलेली असतात. ती त्या राखीव जागीच असतात. जनुक योग्य ठिकाणी बसलं तरच पेशी जगते. शिवाय हे दार सतत असलं तर कॅल्शियम झिरपून पेशी खंगतात, म्हणून जनुक टेट्रासायक्लिन घातल्यावरच जागं होईल अशी सोय करतो.

चाचणीत कॅल्शियम आत शिरलं की पेशी चमकते. नवी मुलं सर्वांत झगझगीत क्लोन उचलतात. एकाच प्रतीच्या पेशी बेताच्याच चमकतात, पण ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत सारख्या. मी त्याच घेतो. चमक उतरली तर ती औषधामुळेच, पेशीच्या लहरीमुळे नाही, हे छातीठोक सांगता आलं पाहिजे.

ग्लेनमार्कच्या जीआरसी ६२११ या औषधाच्या चाचण्या २००८मध्ये थांबल्या. याच जातीच्या इतर काही औषधांनी माणसांचं अंग तापवलं. प्लेटमधल्या पेशीला ताप येत नाही, तेव्हा त्याचा जाब तिला विचारण्यात अर्थ नाही. दार बंद झालं का, एवढंच तिला विचारावं. आणि उत्तर सोमवारी जे येईल तेच शुक्रवारीही यावं.