रक्ताची गोळी

माझ्या छातीत २०१३ पासून कृत्रिम झडप आहे. लहानपणी सांधे सुजून ताप यायचा. त्या तापाने मायट्रल झडप कायमची खराब केली. रात्री घर शांत झालं की नव्या झडपेची टिकटिक मला ऐकू येते. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी वॉरफरिन घ्यायची. घरात आम्ही तिला ‘रक्ताची गोळी’ म्हणतो.

दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळाचा आकडा, तपासून वहीत लिहायचा. एरवी माणसाचा एकच्या आसपास असतो, माझा अडीच ते साडेतीनमध्ये राहायला हवा. त्याखाली गुठळीचं भय, वर रक्तस्रावाचं. मेथी-पालक सोडायला नको, पण दर आठवड्याला सारख्याच प्रमाणात खायचं, एवढं पथ्य.

गेल्या पावसाळ्यात जुलाब लागले. कोपऱ्यावरच्या दुकानातून मेट्रोनिडाझोल आणली. दुकानदाराने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी चूळ भरली तर बेसिन लाल. दंडावर जांभळा डाग, कुठे आपटल्याचं आठवेना. दुसऱ्या दिवशी लघवी कोकमाच्या आगळासारखी झाली. “अहो, गाडी काढा,” एवढंच तोंडून निघालं.

आयएनआर ८.२ आला.

“दुसरं काय घेतलंत?” डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं. यकृत वॉरफरिनचा निचरा करतं, तो निचरा मेट्रोनिडाझोल मंदावते. रोजची तीच गोळी अंगात साचत गेली होती. त्यात जुलाबांमुळे जेवण नव्हतं, म्हणजे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन केसुद्धा कमी. रक्ताची गोळी थांबवून त्यांनी व्हिटॅमिन के दिलं, पण अगदी थोडं. जास्त दिलं असतं तर झडपेवर गुठळी बसायची भीती. चार दिवस मी कॉटवर पडून टिकटिक ऐकत होते. एका ठोक्यालाही आवाज बदलल्यासारखा वाटला की घाम फुटायचा.

आकडा २.९ वर आला, तेव्हा गोळी पुन्हा सुरू करायला सांगितलं. १९४८ मध्ये हेच औषध उंदीर मारायला बाजारात आलं होतं, हे मुलीने त्याच आठवड्यात वाचून दाखवलं होतं. संध्याकाळी गोळी तळहातावर घेऊन मी कितीतरी वेळ बसून राहिले.

“घे ना आई,” मुलगी म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला.