गुडघ्यावर टकटक करायला कितीसा वेळ लागतो

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरी सिंड्रोमचे, रुग्ण सापडायला लागले आणि आमच्या घरचा फोन थांबेना. "वहिनींना झालेलं ते हेच काय हो?" हेच. टीव्हीवर मोठमोठे डॉक्टर समजावून सांगत होते की आधी जुलाब होतात, मग आठ-पंधरा दिवसांनी तळव्यांना मुंग्या येतात, पायांतलं बळ जातं, तसं झालं तर घरी थांबू नका. बातम्या बघून लोक मुंग्या आल्याबरोबर थेट दवाखाना गाठत होते. मला त्यांचा हेवा वाटला आणि साडेसहा वर्षं आत दाबून ठेवलेला राग पुन्हा वर आला. म्हणून हे लिहितोय.

आम्ही तासगाव तालुक्यातले. माझी द्राक्षबाग, ही जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या वर्गाला. घरात आई आणि तेव्हा नववीत असलेला मुलगा. 2018 च्या श्रावणात घरातल्या सगळ्यांनाच जुलाब झाले. पाणी बाधलं असेल म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून गोळ्या आणल्या, दोन-तीन दिवसांत सगळे बरे झालो. विसरूनही गेलो.

पुढं दोनेक आठवड्यांनी हिच्या तळव्यांना मुंग्या यायला लागल्या. दुसऱ्या दिवशी शाळेची पायरी चढताना भिंत धरावी लागली. आम्ही त्याच डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी बीपी बघितलं, शुगर बघितली. दोन्ही नॉर्मल. "मॅडम, श्रावणाचे उपास, वर शाळेच्या माहित्या भरायची कामं, दगदग झालीय," म्हणाले. सलाईन लावलं, ताकदीचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळी चहाचा कप हिच्या हातातून निसटला. परत गेलो. या वेळी दवाखान्याच्या बाकावरून उठताना ही सरळ खाली बसली आणि तिला उठता येईना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. हळू आवाजात विचारलं, "घरात काही वादावादी झालीय काय? सासू-सुनेचं वगैरे? बायकांना होतं असं. मनावर घेतात आणि हातपाय गाळतात." झोपेची गोळी लिहून दिली.

आतल्या बाकावर बसून हिनं ते सगळं ऐकलं होतं. जीपमध्ये बसल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "अहो, मी खोटं करत नाही." वीस वर्षांच्या संसारात तिला हे मला सांगावं लागलं.

ती रात्र आम्ही घरीच काढली. पहाटे तिला कूस बदलता येईना, पाणी गिळताना ठसका लागायला लागला. तसंच उचलून मिरज गाठलं. तिथल्या मोठ्या इस्पितळात रात्रपाळीची एक तरुण डॉक्टर होती. तिनं एप्रनच्या खिशातून रबरी टोकाची हातोडी काढली. गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही. घोट्यामागं मारली, कोपरावर मारली. काहीच नाही. मग विचारलं, "मागच्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब झाले होते का?" एक मिनिटसुद्धा लागलं नसेल. रोगाचं नाव तिनं तिथं उभ्या उभ्या सांगितलं. पाठीतलं पाणी काढणं, नसांची तपासणी हे सगळं नंतर, खात्रीसाठी.

या एका मिनिटावरून माझं मन अजून हलत नाही. ती हातोडी सर्जिकलच्या दुकानात शे-दोनशे रुपयांना मिळते, मी जाऊन विचारलंय. गावातल्या डॉक्टरांना तर जुलाबांबद्दल विचारायचीही गरज नव्हती, गोळ्या त्यांनीच दिल्या होत्या. पुढं मी या रोगाबद्दल मिळेल ते वाचलं. पहिल्या महायुद्धात, 1916 साली, गुलेन, बॅरी आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या आजाराचं वर्णन लिहिलं. पाय लुळे पडलेले, हातोडी मारली तर झटका नाही, पाठीतल्या पाण्यात प्रथिनं वाढलेली. म्हणजे ही खूण शंभर वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली आहे. एवढ्या जुन्या खुणेसाठी एक हात उचलायचा होता. त्याऐवजी 'बायकांना होतं असं' हे वाक्य उचललं गेलं. पुरुष गेला असता तर त्याला विचारलं असतं का, सासऱ्याशी भांडण झालंय काय म्हणून? माझा मेव्हणा चक्कर आली म्हणून त्याच दवाखान्यात गेला होता. त्याला लगेच ईसीजीला पाठवलं होतं.

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी हे विचारलंही. ते म्हणाले, औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावं लागतं. तुमचं पहिल्या आठवड्यातच झालं, एका दिवसानं फार फरक पडला नसेल. मला ते पटतं. डॉक्टर खरं तेच सांगत होते. तरी राग जात नाही. त्या रात्री गोळी घेऊन ही गाढ झोपली असती आणि श्वास थांबला असता तर?

कारण दुसऱ्याच दिवशी तो थांबायला आला. अतिदक्षता विभागात डॉक्टर तिला सांगायचे, खोल श्वास घ्या आणि एका दमात जमतील तेवढे आकडे म्हणा. छातीचे स्नायू किती चालतात ते यातून कळतं. पहिल्या दिवशी ही बावीसपर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा, दुपारी नऊ. आयुष्यभर पोरांकडून आकडे म्हणून घेणारी बाई नऊवर अडकली. संध्याकाळी व्हेंटिलेटर लावला, पुढं घशाला छिद्र पाडून नळी बसवली.

औषध म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, पाच दिवसांत विभागून. हिचं वजन पंचावन्न किलो, म्हणजे पाच-पाच ग्रॅमच्या बावीस बाटल्या. प्रत्येक बाटली हजारोंच्या घरात. दागिने मोडले, शिक्षकांच्या पतसंस्थेतून कर्ज काढलं, द्राक्षाच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतली. तिची वैद्यकीय प्रतिपूर्ती मंजूर व्हायला पुढं किती हेलपाटे पडले ते सांगत बसत नाही. पण एक सांगतो. ही औषधं कारखान्यात नुसती रसायनं मिसळून होत नाहीत. हजारो माणसांनी दिलेल्या रक्तातला द्रव एकत्र करून त्यातून ती काढतात. जुलाबाच्या जंतूंशी लढताना हिच्याच शरीरानं चुकून स्वतःच्या नसांवरच्या आवरणावर हल्ला केला होता आणि तो थोपवायला हजारो अनोळखी माणसांचं रक्त कामी आलं. एका सिस्टरनं हे सांगितलं तेव्हा लटकवलेल्या बाटलीकडं मी बराच वेळ बघत राहिलो. त्यानंतर तालुक्यात कुठंही रक्तदान शिबिर असलं तरी मी आणि मुलगा जातोच.

बाहेर नातेवाइकांच्या बसायच्या जागेत अर्धी माणसं कर्नाटकातली, अथणी, चिकोडीकडची. अथणीच्या एका अक्कांचा मुलगा अपघातात सापडलेला. त्यांना मराठी जेमतेम, मला कन्नड येत नाही. रोज त्यांच्या डब्यातली एक भाकरी त्या माझ्याकडं सरकवायच्या. आमच्याकडचे पाहुणे मात्र बरोबर इलाज घेऊन यायचे. लकव्याला पारव्याच्या रक्तानं मालिश करतात, अमुक गावात एक जण झाडपाल्याचं देतो, कुणी म्हणालं बाहेरचं आहे, देवऋषीला दाखवा. हा लकवा नव्हे, मेंदूला काही झालेलं नाही, नसा सुजल्यात, हे मी समजावत राहायचो. आईनं मात्र एका दिवसात समजून घेतलं आणि पारवा घेऊन आलेल्या चुलत्यांना दारातूनच परत पाठवलं.

सगळ्यात अवघड गोष्ट ही की आत माणूस पूर्ण जागा असतो. सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, दुखतंही, आणि बोट हलत नाही. चेहऱ्याच्याही नसा गेल्या होत्या. पापण्या नीट मिटत नव्हत्या, झोपताना डोळ्यांत मलम घालून पट्टी लावायला लागायची. बुबुळं मात्र हलत होती. वर बघितलं की 'हो', खाली बघितलं की 'नाही', एवढंच बोलणं. तहान लागलीय काय? नाही. दुखतंय काय? हो. कुठं? इथं गाडी अडायची.

मग मुलगा तिच्या शाळेतून भिंतीवरचा वर्णमालेचा तक्ता घेऊन आला. कल्पना सगळी त्याची. आपली अक्षरं वर्गावर्गानं मांडलेली आहेत, त्याचा इतका उपयोग होईल असं कुणाला वाटलं असेल? मी ओळीवर बोट ठेवायचो, क-ची ओळ, च-ची ओळ, ट-ची ओळ. बुबुळं वर गेली की त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या, त्या आपण अंदाजानं भरायच्या. भेटीची वेळ सकाळ-संध्याकाळ थोडीशीच. पहिल्या दिवशी तिनं चार अक्षरं दिली, प, ठ, ख, ज. मी 'पठण', 'पाठव' असलं काय काय लावत बसलो आणि तिची बुबुळं खाली, खाली, खाली. मुलगा म्हणाला, "पप्पा, पाठ खाजतीय!" बुबुळं वर गेली. सिस्टरनं तिला कुशीवर वळवलं आणि आम्ही दोघांनी मिळून पाठ खाजवली. किती दिवस ती पाठ खाजत पडली होती कुणास ठाऊक.

पुढं ती तक्त्यावर पुष्कळ बोलली. एकदा 'वरगवर कण', म्हणजे वर्गावर कोण. ऑक्टोबर छाटणी झाली, मागोमाग पाऊस आला, तेव्हा विचारलं, 'दवणय'. दावण्या रोग पडलाय का बागेत! पडला होता. मी 'नाही' म्हणालो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि बुबुळं खाली नेली. आणि एक दिवस, सगळ्यांना बाहेर पाठव अशी खूण करून, त्या गावातल्या डॉक्टरांचं आडनाव दिलं आणि पुढं 'सग त य न'. सांगा त्यांना. तोपर्यंत मला वाटत होतं, राग फक्त मलाच आहे.

नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, महिन्याला जेमतेम एक इंच. आणि ताकद वरून खाली परतते. आधी चेहरा, खांदे, मग हात, पाय अगदी शेवटी. छाटणीनंतर काडीवर डोळा फुटायची वाट बघणं माझ्या अंगवळणी पडलंय, पण तिथं निदान दिवस मोजता येतात. इथं कुणीच तारीख सांगत नव्हतं. डिसेंबरमध्ये घशातली नळी निघाली, ती घरी आली. पलंग ओटीवर आणला. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. फिजिओथेरपीचा मुलगा मिरजेहून यायचा. 2019 च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, सांगली पाण्यात गेली, रस्ते बंद झाले. तेव्हा माझ्या आईनं, पासष्टीच्या बाईनं, त्याच्याकडं बघून शिकलेले सगळे व्यायाम करून घेतले. पाय धरून, आकडे मोजून.

त्या काळात लोक माझं फार कौतुक करायचे. पुरुष असून बायकोचं अंग पुसतो, बेडपॅन काढतो, केवढं नशीब बाईचं! मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. पण माझ्या आईनं माझ्या वडिलांचं शेवटची चार वर्षं हेच केलं होतं. तिला कुणी नशिबाचं बोलल्याचं मला आठवत नाही. घरात कुणी असं पडून असेल तर त्याच्या बाईमाणसांना विचारा, झोपली होतीस काय रात्री? दुपारी तासभर जाऊन बसा, तिला झोपू द्या. फळांच्या पिशव्या आमच्याकडं कुजून जायच्या.

2020 च्या जानेवारीत ही काठी घेऊन शाळेत रुजू झाली. पोरांनी दारात रांगोळी काढली होती. मार्चमध्ये शाळाच बंद पडल्या. आता काठी नाही, पण उजवं पाऊल अजून लोंबतं, बुटात प्लास्टिकची पट्टी घालावी लागते. फळ्यावर तासभर लिहिलं की बोटं गळून जातात. रात्री तळवे भाजतात. लोकांना वाटतं, चालते म्हणजे बरी झाली. सरकारी कागदांवरही तेवढंच.

गावातल्या त्या डॉक्टरांना मी काहीही बोललेलो नाही. ही आजही तापाला त्यांच्याकडंच जाते. मी चिडलो तर म्हणते, रात्री दोन वाजता दार उघडणारं गावात दुसरं कोण आहे? ते खरंच आहे. गेल्या वर्षी आईच्या छातीत कळ आली तेव्हा ते पावसातनं आले, गोळी दिली आणि आमच्याबरोबर जीपमध्ये मिरजेपर्यंत बसून राहिले. आई वाचली. त्यांच्याविषयी मला नेमकं काय वाटतं, हे त्या दिवसापासून मला सांगता येत नाही. पण 'बायकांना होतं असं' हे वाक्य मात्र मी माफ केलेलं नाही.

आता पंचक्रोशीत कुणाच्या तळव्यांना मुंग्या आल्या की लोक आमच्या दारात येतात. ही आधी विचारते, जुलाब झाले होते का, आणि एका दमात आकडे म्हणायला लावते. वीसच्या आत अडकलं तर मी गाडी काढतो. वीस ओलांडले तरी पाय गळत असतील तर मिरजेलाच पाठवतो. बहुतेकांना निघते शुगर, नाहीतर बी-ट्वेल्व्हची कमतरता. मागच्या महिन्यात वरच्या आळीतल्या एका पोराला असंच पाठवलं. तपासण्यांना दहा-अकरा हजार गेले आणि काही निघालं नाही. त्याची आई अजून माझ्याशी बोलत नाही.