पेटी उघडल्याबिगर

जुन्या जीपचा गिअरबॉक्स पुन्हा बांधायला किती खर्च येतो, असं विचारलं तर अहिल्यानगरमधले जाणते मिस्त्री आकडा सांगत नाहीत. "पेटी उघडल्याबिगर काय सांगू, ताई?" एवढंच म्हणतात आणि हातातलं काम चालू ठेवतात. घासाघीस करायच्या तयारीने आलेल्या गिऱ्हाइकाला ही टाळाटाळ वाटते. मला ते या धंद्यातलं सगळ्यात सरळ वाक्य वाटतं. बिडाच्या त्या बंद पेटीत इतक्या वर्षांत काय काय झिजलं, कुणी कसं चालवलं, कुणी कुठलं तेल ओतलं, हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. जो न उघडता आकडा सांगतो, त्याच्याकडे गाडी देऊ नये.

माझी जीप महिंद्राची सीजे-३बी, उंच बॉनेटची, पेट्रोलवरची. विलीजने हे मॉडेल अमेरिकेत १९५३ साली आणलं. नवं इंजिन आधीच्यापेक्षा उंच होतं, ते मावावं म्हणून बॉनेट वर चढवलं. तिकडे हे मॉडेल साठच्या दशकात संपलं. आपल्याकडे महिंद्राने ते पुढे कितीतरी वर्षं बनवलं. माझ्याकडे येण्याआधी ही जीप एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात होती. उसाच्या नोंदी करणाऱ्या चिटबॉयला मागे बसवून, पाटाकडेच्या काळ्या चिखलातून ती गटागटांतून फिरली. लोणीजवळ प्रवरेचा सहकारी कारखाना १९५० साली उभा राहिला. त्यामागोमाग या जिल्ह्यात कारखाने वाढत गेले, आणि कारखान्यांबरोबर जीपही. नगर जिल्ह्याच्या उसाची वाट डांबरी नव्हती. ती या गाडीच्या चाकांनीच पडली, असं मला मनापासून वाटतं.

या जीपचा गिअरबॉक्स टी-९० या नावाचा. पुढचे गिअर तीनच. दुसऱ्या आणि तिसऱ्याला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. म्हणजे गाडी चालती असताना पहिला टाकायचा तर क्लच दोनदा दाबायचा, मध्ये न्यूट्रलवर ॲक्सिलरेटर द्यायचा, आणि दोन्ही गिअरांचा वेग जुळला की दांडा आत सोडायचा. जुने ड्रायव्हर याला डबल क्लच मारणं म्हणतात. त्यांच्या पायाला हे इतकं सवयीचं असे की बोलणंसुद्धा थांबत नसे. शेजारी आणखी दोन आखूड दांडे असतात, ते ट्रान्सफर केसचे: एक पुढच्या चाकांना जोर देणारा, दुसरा लो गिअरचा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना जोडलेले. एक उतरवायचा तर दुसराही बरोबर येतो.

माझ्या जीपचा दुसरा गिअर सुटत होता. करंजी घाटाच्या उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की दांडा खट्‌कन न्यूट्रलला यायचा आणि गाडी मोकळी सुटायची. डाव्या हाताने दांडा धरून ठेवावा लागे. टी-९०चं हे जुनं दुखणं. गिअरचे लहान दाते गोलावतात, दांड्याला जागेवर धरणारी स्प्रिंग नरम पडते, शाफ्टला मागेपुढे खेळ येतो, आणि सगळं मिळून उतारावर गिअर बाहेर फेकला जातो.

माझ्या मिस्त्रींनी आधी तेल काढलं. पत्र्याच्या तसराळ्यात ते काळं, जड तेल उतरत होतं आणि त्यात सोनेरी चमक होती. त्यांनी एका जुन्या स्पीकरचं चुंबक तेलातून फिरवलं. चुंबकाला चिकटला तो पोलादाचा चुरा, दात्यांचा आणि बेअरिंगांचा. मागे तेलात तरंगत राहिलं ते पितळ, म्हणजे सिंक्रोच्या कड्या. पेटी न उघडता कळण्यासारखं जेवढं असतं, तेवढं या चुंबकाने सांगितलं. पितळ जास्त होतं. त्याचं कारणही मिस्त्रींनी लगेच सांगितलं: कुणीतरी कधीतरी डिफरन्शियलचं तेल यात ओतलं असणार. नव्वद नंबरचं तेल दुकानात दोन प्रकारचं मिळतं, जीएल-४ आणि जीएल-५. जीएल-५मध्ये दात्यांना जपणारं गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं, आणि गरम झाल्यावर तेच पितळ खातं. डबा सारखाच दिसतो, किमतीतही फार फरक नसतो. जुन्या गाड्यांचे किती गिअरबॉक्स या एका गोष्टीने गेले असतील, याचा विचार आला की जीव हळहळतो. दर दुकानदाराने डब्यावर बोट ठेवून हे गिऱ्हाइकाला सांगायला हवं.

मग पेटी उघडली. रॉकेलमध्ये एकेक भाग धुऊन वर्तमानपत्रावर ओळीने मांडला, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. झिजलेला भाग कसा ओळखायचा, हे मी तिथे बसून पाहिलं. मिस्त्री आधी डोळ्यांनी पाहत नाहीत, नख फिरवतात. दात्याच्या कडेवर नख अडलं तर ठीक, घसरलं तर गेला. बेअरिंग कानाशी धरून फिरवतात. एक क्लस्टर गिअर त्यांनी बराच वेळ हातात धरला. एका दात्याचा टवका उडाला होता. बाकीचे दाते इतके चांगले होते की टाकून द्यायला हात होत नव्हता. वेल्डिंग करून दाता भरता येतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं पाणी उतरतं आणि वर्षभरात शेजारचा दाता जातो. तो गिअर बदलायचाच ठरला.

सगळ्यात बघण्यासारखं काम जोडणीचं. मेन शाफ्टचं टोक इनपुट शाफ्टच्या पोकळीत बसतं आणि मध्ये सुटे बारीक रोलर असतात. ते एकेक करून ग्रीसमध्ये चिकटवत गोल पुरा करायचा, आणि मग शाफ्ट असा सरकवायचा की एकही रोलर आडवा होणार नाही. एक जरी निसटून पेटीत पडला तर पुन्हा पहिल्यापासून. मिस्त्रींची बोटं जाड, नखांत काळं तेल मुरलेलं. पण त्या वेळी ती जाईचा गजरा ओवणाऱ्या बाईसारखी चालत होती. गॅरेजात कुणी बोलत नव्हतं. या कामाची मजुरी बिलात एका ओळीत येते. ती ओळ वाचताना मला नेहमी वाटतं की इथला आकडा फार लहान आहे.

बिल २७ हजारांच्या आसपास झालं. त्यात मजुरी ८ हजार. बाकीचे बेअरिंग, सिंक्रोच्या कड्या, क्लस्टर, सील, पॅकिंग, तेल आणि लेथवरचं काम. ऐकणाऱ्यांपैकी काहींना हे फार वाटलं. मला हा आकडा इतका कमी का, याचंच कुतूहल वाटत राहिलं. उत्तर असं, की ही गाडी कधीच दुर्मीळ नव्हती. पोलीस, बांधकाम खातं, कारखाने, निवडणुकीचे प्रचारक, बागाईतदार, सगळ्यांनी ती राबवली, मोडली, दुरुस्त केली. म्हणून तिचे भाग करणारे कारखाने टिकले आणि ते विकणारी दुकानं टिकली.

नगरमध्येच याची दुसरी बाजू बघायला मिळते. लष्कराचं कॅव्हलरी टँक म्युझियम इथे १९९४ पासून आहे. तिथे रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट चासीवर बांधलेली चिलखती गाडी उभी आहे. तिथेच चर्चिल रणगाडा आहे. त्याचा मेरिट-ब्राऊन गिअरबॉक्स म्हणजे यंत्रविद्येतलं एक आश्चर्य: जो गिअर टाकाल त्याप्रमाणे वळणाचा घेर ठरतो, आणि न्यूट्रलमध्ये तो अवजड रणगाडा जागच्या जागी फिरतो. त्यातला एक गिअर तुटला तर कुठल्या दुकानात मागायचा? ज्याची बरोबरीची यंत्रं रस्त्यावर उरली नाहीत, त्याचा प्रत्येक भाग एकट्यापुरता घडवावा लागतो, आणि एकट्यापुरत्या घडवलेल्या लोखंडाला किमतीची मर्यादा नसते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीचंही आता हळूहळू तेच होणार, अशी धास्ती वाटते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेल्या. हौशी मालक गाडी पुसून ठेवतो, रविवारी काढतो. दुकानदाराला रोजचं गिऱ्हाईक देते ती टॅक्सी.

माझ्याही बिलात एकट्यापुरता एक भाग निघालाच. ट्रान्सफर केसमधला मधला शाफ्ट. हा मुळातच नाजूक. विलीजने तो टप्प्याटप्प्याने पाऊण इंचावरून सव्वा इंचापर्यंत जाड केला होता. बाजारात मिळणारा शाफ्ट मिस्त्रींनी कानशीने घासून पाहिला. कानस लागली, म्हणजे नरम. शिवाय त्याचं मागचं टोक पेटीच्या ज्या भोकात बसतं, ते भोक घासून मोठं झालेलं आणि तिथून तेल गळत होतं. ते टोक जरा जाड हवं होतं, आणि शाफ्टला पाणी नीट दिलेलं हवं होतं.

नगरच्या एमआयडीसीत असं काम करणाऱ्या माणसांची कमी नाही. कायनेटिकने १९७२ साली याच गावातून लूना रस्त्यावर आणली. तिला गिअर बदलावेच लागत नसत. आज तीच कंपनी इथे गिअर आणि शाफ्ट बनवते. तिच्या आणि इतर कारखान्यांच्या आधाराने लेथ, ग्राइंडिंग, हॉबिंग, भट्टी अशा छोट्या शेड्स उभ्या राहिल्या. त्यातल्याच एकात आम्ही गेलो. ईएन ३५३ पोलादाचा शाफ्ट घ्यायचा, कार्बनच्या भट्टीत नऊशे अंशांच्या वर तासन्‌तास ठेवायचा, तेलात विझवायचा, मग ग्राइंडिंग. भट्टीवाल्याने सरळ सांगितलं, "एक टाका नाहीतर पाच टाका, भट्टी तेवढीच जळती." एक शाफ्ट ४,५०० रुपये. पाच केले तर एकेक १,५००च्या आत.

मिस्त्रींनी तिथूनच फोन लावले. राहुरीचा एक जण, श्रीरामपूरचा एक, शेवगावचा एक, तिघांच्याही जीप त्यांच्याच हाताखालच्या, तिघांच्याही पेट्या त्याच जागी गळणाऱ्या. चारही पेट्यांची भोकं एकाच मापाला रीम करायचं ठरलं, म्हणजे शाफ्टही एकाच मापाचे. चौघांची एकमेकांशी ओळख तिथेच, शेडच्या दारात फोनवर झाली. पाचवा शाफ्ट कुणाचाच नव्हता. तो मिस्त्रींकडे ठेवायचा, पुढे कुणाची जीप त्याच दुखण्याने आली तर लगेच मिळावा म्हणून. त्याचे पैसे आम्ही चौघांनी वाटून दिले.