बायोडेटात काय लिहू?

आयटीआयच्या मुलांचे बायोडेटा मी बरीच वर्षं तपासून देतो. अप्रेंटिस भरती मेळावा जवळ आला की मुलं झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणतात. नाव, पत्ता आणि जन्मतारीख बदललेली; बाकी मजकूर सगळ्यांचा एकच. हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पंक्च्युअल. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये तो नमुना कायमचा पडलेला असतो. मुलं खरोखर कष्टाळू असतात, पण ते पान वाचून कुणालाही तसं कळणार नाही. चाकण, भोसरीच्या कंपन्यांत असे गठ्ठेच्या गठ्ठे जातात.

म्हणून मी आधी कागद बाजूला ठेवायला सांगतो. फिटर ट्रेडच्या एका मुलाने अनुभवाच्या रकान्यात ‘फ्रेशर’ लिहिलं होतं. सुट्टीत काय करतोस, असं त्याला विचारलं.

“काही नाही सर. मामाच्या वर्कशॉपवर जातो.”

“तिथे काय करतोस?”

“असंच. ड्रिल मारतो, टॅपिंग करतो.”

“एम एटचा टॅप मारायचा तर ड्रिल कितीचं घेशील?”

“सहा पॉइंट आठ.”

प्रश्न संपायच्या आत उत्तर आलं. फिटरच्या मुलाखतीत असाच प्रश्न येतो आणि नुसतं पाठांतर केलेली मुलं तिथे अडखळतात. याने इतकी भोकं पाडली होती की आकडा त्याच्या हातात बसला होता. मग आम्ही ओळ लिहिली : ‘सुट्ट्यांमध्ये मामांच्या वर्कशॉपमध्ये एम 6 ते एम 12 ड्रिलिंग व टॅपिंग केलं. 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्निअरने मापं तपासली.’ ‘हार्डवर्किंग’वर मी काट मारली. “राहू द्या ना सर, बरं दिसतं,” तो म्हणाला. मी राहू दिलं नाही. सुट्ट्या सोडून वर्कशॉपवर जाणारा मुलगा कष्टाळू आहे, हे वाचणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

पगाराची स्लिप नाही, सर्टिफिकेट नाही, म्हणजे तो अनुभवच नाही, असं या मुलांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. याचं मला फार वाईट वाटतं. इलेक्ट्रिशियन ट्रेडची एक मुलगी वडिलांबरोबर घरांची वायरिंग करत होती. ते तिने लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या एकाचं वडिलांच्या आजारपणात वर्ष गेलं होतं. त्या वर्षाचा त्याने उल्लेख टाळला होता. खोदून विचारलं तेव्हा कळलं, गावच्या दूध संकलन केंद्रावर तो रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि एसएनएफ काढत होता, शेतकऱ्यांच्या नोंदी आणि हिशेब सांभाळत होता. मापात आणि पैशात चोख असलेल्या मुलाने ते लपवायचं कशाला? लिहायला लावलं.

उलट टोकाचीही मुलं असतात. ‘सीएनसी एक्स्पर्ट’ असं बिनधास्त लिहितात. सीएनसी प्रोग्रॅममधल्या जी झिरो टू आणि जी झिरो थ्री या कोडमधला फरक विचारला की गप्प. एक घड्याळाच्या दिशेने कंस कापतो, दुसरा उलट दिशेने. मशिनवर काम केलेल्याला हे सांगता येतंच. अशांना मी तीन क्रियापदं देतो : केलं, मदत केली, पाहिलं. ऑपरेटरच्या शेजारी उभं राहून जॉब चढवले-उतरवले असतील, तर ‘मदत केली’ लिही. त्यात कमीपणा काही नाही, आणि पुढचा प्रश्न आला तर उत्तर तुझ्याकडे असेल.

तुमच्या घरात, शेजारात कुणी पहिला बायोडेटा करत असेल, तर दुकानात पाठवण्याआधी अर्धा तास त्याच्याजवळ बसा. आजवर हाताने काय काय काम केलंय, ते विचारा. बहुतेक मुलं आधी ‘काही नाही’ म्हणतात. तिथे थांबू नका, पुढे विचारत राहा.