ऐकणाऱ्याची जागा

पुणे

आदरणीय प्राध्यापक महोदया यांस,


महाविद्यालयाच्या नाट्यमंडळासाठी समकालीन नाटककारांची लघुनाटके आणि स्वगते सुचवावीत, ही आपल्या पत्रातील अपेक्षा पुरी करताना नावांचा तुटवडा भासत नाही. अडचण येते ती कोणत्या कसोटीवर निवड करावी याची. विषय ज्वलंत आहे का, पात्रे किती, मुलींच्या वाट्याला भूमिका येतात का आणि तासाभरात पडदा पडतो का, हे प्रश्न आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या वातावरणात सवयीने विचारले जातात आणि ते गैरही नाहीत. तथापि संहितेत खरे नाट्य किती आहे, याचा अंदाज त्यांवरून येत नाही. लघुनाटकाला पात्राचा पूर्वेतिहास उलगडण्यास किंवा उपकथानक गुंफण्यास अवकाश नसतो, त्यामुळे रंगमंचावर जे बोलले जाते ते कोणासाठी, तो ऐकणारा समोर आहे की नाही, आणि असला तर त्याला ऐकायचे आहे का, यावरच त्याचा सारा ताण उभा राहतो. पुढील संहिता मुख्यतः या कसोटीवर निवडल्या आहेत, आणि म्हणूनच काही गाजलेली नावे त्यांत आढळणार नाहीत.

मराठीला ही कसोटी परकी नाही. शंकर काशीनाथ गर्गे ऊर्फ ‘दिवाकर’ (१८८९–१९३१) यांनी रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या नाट्यात्म एकभाषितांपासून प्रेरणा घेऊन १९११ पासून ज्या नाट्यछटा लिहिल्या, त्यांत एकच व्यक्ती बोलत असली तरी ती एकटी नसते. तिच्यासमोर न दिसणारी माणसे असतात, ती मध्येच काही विचारतात, हसतात, उठून जातात, आणि हे सारे प्रेक्षकाला बोलणाऱ्याच्या उत्तरावरून, थबकण्यावरून आणि एकाएकी बदललेल्या सुरावरून उमगते. स्वगत याहून वेगळे असते, कारण त्यात पात्र स्वतःशी बोलते आणि ते इतर पात्रांना ऐकू जात नाही असा संकेत असतो. तर ‘एकपात्री’ म्हणजे एकाच कलावंताने सादर केलेला संपूर्ण प्रयोग, ज्यात लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’प्रमाणे डझनावारी पात्रेही एकटाच नट उभी करू शकतो. स्पर्धांच्या माहितीपत्रकांत हे तिन्ही प्रकार बहुधा एकाच मथळ्याखाली येतात, आणि मग विद्यार्थी आवाज बदलण्याच्या कसरतीलाच अभिनय समजू लागतात. दिवाकर समकालीन नाहीत हे उघड आहे. तरीही तालमीचा पहिला आठवडा त्यांच्या एखाद्या नाट्यछटेवर घालवल्यास अदृश्य माणसाचे ऐकून घेण्याची जी सवय लागते, ती पुढच्या प्रत्येक संहितेला उपयोगी पडते.

ऐकणाऱ्याला प्रत्यक्ष रंगमंचावर आणून बसवण्याचे धाडस सॅम्युअल बेकेट यांनी ‘नॉट आय’ (१९७२) या छोट्या नाटकात केले. काळोखात केवळ एका स्त्रीचे तोंड प्रकाशात दिसते, ते विलक्षण वेगाने स्वतःचीच कहाणी तृतीय पुरुषात सांगत राहते, आणि बाजूला पायघोळ झग्यातील एक निःशब्द आकृती ती ऐकत उभी असते, जिच्या हातांची असहाय हालचाल प्रयोगभर मोजक्या वेळाच होते. ही आकृती पुढे काही प्रयोगांतून गाळली गेली, आणि बिली व्हाइटलॉ यांच्या दूरचित्रवाणी रूपांतरात तर पडदाभर फक्त तोंडच उरले. महाविद्यालयीन नटीने हे नाटक प्रयोगासाठी घेऊ नये, कारण त्याचा वेग व्यावसायिक नटांनाही सहज झेपत नाही; दिग्दर्शनाच्या विद्यार्थ्याने मात्र ते वाचावेच.

सामूहिक प्रयोगासाठी पहिली आणि निःसंदिग्ध शिफारस हॅरॉल्ड पिंटर यांच्या ‘माउंटन लँग्वेज’ची करावी लागते. लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये १९८८ साली प्रथम सादर झालेले हे नाटक जेमतेम वीस मिनिटांचे असून त्यात चार लहान प्रवेश आहेत. तुरुंगाबाहेर दिवसभर ताटकळलेल्या बायका, त्यांतील एका म्हातारीचा कुत्र्याने फाडलेला हात, आणि डोंगरी लोकांची भाषा यापुढे बंद आहे, राजधानीची भाषाच बोलावी लागेल, असे बजावणारा अधिकारी, एवढ्या सामग्रीवर पहिला प्रवेश उभा राहतो. पुढे हीच म्हातारी कैदेतील मुलाला भेटते तेव्हा तिला येत असलेली एकमेव भाषा निषिद्ध असते, आणि पहारेकरी ज्या भाषेत तिला दटावतो ती तिला समजतच नाही. शेवटच्या प्रवेशात नियम बदलतो, तिला तिच्या भाषेत बोलण्याची मुभा मिळते, मुलगा ते तिला पुन्हा पुन्हा सांगतो, परंतु ती बोलत नाही. तिला बोलायचे नाही की बोलता येत नाही, की मुलाचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत, याचे उत्तर नाटककार देत नाही, आणि दिग्दर्शकानेही ते देण्याची घाई करू नये.

या नाटकाच्या मुळाशी पिंटर यांचा १९८५ मधील तुर्कस्तानचा दौरा होता. अमेरिकन नाटककार आर्थर मिलर यांच्यासमवेत ते तेथे गेले असता कुर्दी भाषेच्या दडपणुकीची माहिती त्यांना मिळाली. तथापि त्यांनी नाटकात कोणत्याही देशाचे नाव घेतले नाही, पात्रांना साधी इंग्रजी नावे दिली, आणि हे नाटक एकट्या तुर्कस्तानविषयी असल्याचे वेळोवेळी नाकारले. त्यांच्या म्हणण्याला १९९६ मध्ये एक विचित्र दुजोरा मिळाला: उत्तर लंडनमध्ये कुर्दी कलावंतांचा एक गट याच नाटकाची तालीम करत असताना हातातील खोट्या बंदुका पाहून कोणीतरी पोलिसांना कळवले, सशस्त्र पोलिसांनी कलावंतांना ताब्यात घेतले, आणि काही काळ त्यांना आपसांत कुर्दी बोलण्यास मनाई केली. मराठी प्रयोगात ही गोष्ट एखाद्या ओळखीच्या प्रांतात नेऊन बसवण्याचा, अधिकाऱ्याच्या तोंडी ओळखीची बोली घालण्याचा मोह होईल; तो टाळावा, कारण प्रांत ठरताच सभागृहातील अर्धे लोक निर्दोष सुटतात. पिंटर यांच्या संहितेत विराम आणि मौन यांच्या जागा लेखकानेच नोंदवलेल्या असतात, आणि त्या पार्श्वसंगीताने भरून काढल्या तर नाटक शिल्लक राहत नाही, हे विद्यार्थ्यांना आरंभीच सांगितलेले बरे. मराठी स्पर्धेच्या मंचावर तीन सेकंदांची शांतता म्हणजे विसरलेले वाक्य असाच समज रूढ आहे.

कॅरिल चर्चिल यांचे ‘सेव्हन ज्यूइश चिल्ड्रन’ (२००९) याहूनही लहान, सुमारे दहा मिनिटांचे आहे, आणि त्यात ऐकणारा रंगमंचावर येतच नाही. गाझावरील हल्ल्यानंतर अल्पावधीत लिहून लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये सादर झालेल्या या नाटकाचे सात तुकडे ज्यू इतिहासातील निरनिराळ्या काळांत घडतात. प्रत्येकात घरातील मोठी माणसे एका मुलीला काय सांगावे आणि काय सांगू नये यावर आपसांत खल करतात, आणि ती मुलगी प्रेक्षकांना एकदाही दिसत नाही. वाक्ये कोणत्या पात्राची हे लेखिकेने ठरवून दिलेले नाही, नटांची संख्याही मोकळी सोडली आहे, त्यामुळे कोणते वाक्य आईचे, कोणते आजोबांचे, कोण कोणाला गप्प करते, हे सारे तालमीतच शोधावे लागते. पॅलेस्टिनी लोकांच्या वैद्यकीय मदतीसाठी प्रयोगानंतर निधी गोळा करावा, या अटीवर लेखिकेने प्रयोगाचे हक्क विनामूल्य ठेवले. हे नाटक ज्यूविरोधी असल्याचा गंभीर आरोप ब्रिटनमध्ये झाला, आणि अमेरिकेतील काही ज्यू लेखकांनी त्याचा तितक्याच गांभीर्याने बचाव केला. प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांनी दोन्ही बाजू वाचल्याखेरीज संहितेला हात लावू नये. वाद नको असल्यास त्याच लेखिकेचे ‘फार अवे’ (२०००) घ्यावे, ज्याच्या पहिल्या प्रवेशात रात्री काहीतरी भयंकर पाहिलेली एक लहान मुलगी मावशीला प्रश्न विचारत राहते आणि मावशी दर उत्तरागणिक आधीचे खोटे दुरुस्त करत नवे खोटे रचते. प्रवेश दोघींचाच असला, तरी पुढे कैद्यांची एक मिरवणूक येते आणि तिच्यासाठी मंडळातील सर्वांना मंचावर आणता येते.

मराठीतील निवड करताना प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ (१९७७) ही दोन पात्रांची एकांकिका प्रथम येते. तिचे वय पाहता तिला समकालीन म्हणावे का, असा आक्षेप निघेल. अस्पृश्यतेचा आणि पाण्यावरील हक्काचा तिचा प्रश्न अजून निकालात निघालेला नसल्याने तो आक्षेप येथे ग्राह्य धरलेला नाही. नेपथ्याची गरज जवळजवळ नसल्यामुळे ती वर्गात, अंगणात किंवा चौकातही होऊ शकते. महेश एलकुंचवार यांची ‘होळी’ महाविद्यालयातच घडते, सणाची सुट्टी नाकारल्यावरून पेटलेला मुलांचा कळप अखेर आपल्यातल्याच एका दुबळ्या मुलावर उलटतो, आणि केतन मेहता यांनी १९८४ मध्ये तिच्यावर चित्रपट केल्याने ती मराठीबाहेरही पोहोचली. तिच्यात मुलींना फारसा वाव नाही, ही तिची व्यावहारिक मर्यादा होय.

स्वगतांमध्ये चेतन दातार (मृत्यू २००८) यांचे ‘एक माधवबाग’ सर्वांत वर ठेवावे लागेल. आपला मुलगा समलिंगी आहे हे कळलेल्या आईचे हे कथन असून मोना आंबेगावकर यांनी त्याचे प्रयोग अनेक वर्षे केले. ही बाई पुरोगामी भाषण देत नाही, हे त्याचे मोठे बळ आहे. ती स्वतःलाच समजावते, स्वतःशीच अडखळते, आणि तिचे बोलणे मुलासाठी आहे, शेजाऱ्यांसाठी आहे की स्वतःसाठी, हे अभिनेत्रीला प्रत्येक वाक्यापाशी ठरवावे लागते. विशीतील मुलीने आईची भूमिका करताना पांढरे केस आणि वाकलेली पाठ यांची मदत घेऊ नये. सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय मी सावित्रीबाई’ हे लघुनाटक नसून पूर्ण लांबीचा एकपात्री प्रयोग आहे. मात्र सावित्रीबाई समोरच्या प्रेक्षकांशी थेट बोलत असल्यामुळे, लेखिकेची संमती मिळाल्यास, त्यातील एखादा भाग अभ्यासासाठी निवडता येईल.

उरलेल्यांचा केवळ निर्देश पुरे. डेबी टकर ग्रीन यांच्या ‘रँडम’ (२००८) मध्ये एकच अभिनेत्री एका कृष्णवर्णीय कुटुंबातील सर्वांची भूमिका करते, आणि मुलाच्या खुनाची बातमी घरात शिरते तो क्षण निरनिराळ्या तोंडांनी सांगते. डंकन मॅकमिलन यांच्या ‘एव्हरी ब्रिलियंट थिंग’मध्ये आईच्या नैराश्याची गोष्ट सांगणारा नट प्रयोगापूर्वीच प्रेक्षकांत चिठ्ठ्या वाटतो आणि वेळ येताच त्या त्यांच्याकडून वाचून घेतो. इराणी नाटककार नसीम सुलेमानपूर यांचे ‘व्हाइट रॅबिट रेड रॅबिट’ प्रत्येक प्रयोगाला नवा नट मागते, जो बंद पाकिटातील संहिता प्रेक्षकांसमोरच पहिल्यांदा उघडतो. त्याची तालीम होऊच शकत नसल्याने स्पर्धेसाठी ते निरुपयोगी असले, तरी वर्षाअखेरीच्या एखाद्या संध्याकाळी करून पाहावे.

पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी एकांकिकेला नट, लेखक आणि प्रेक्षक अशा तिन्ही बाजूंनी जगवले, याबद्दल दुमत नाही. पण गोलाकार आकृतिबंध, धावती प्रकाशयोजना आणि शेवटच्या मिनिटातील धक्का यांचा जो एक स्पर्धेचा साचा तयार झाला आहे, तो वरीलपैकी एकाही संहितेला मानवणारा नाही, आणि पारितोषिकाची अपेक्षा असल्यास हे आधी मनाशी धरावे. परदेशी नाटकांच्या अनुवादाचे आणि प्रयोगाचे हक्क लेखकाच्या प्रतिनिधीकडून लेखी घ्यावे लागतात, आणि उत्तर येण्यास काही महिने लागू शकतात. मराठी लेखकांना सरळ पत्र पाठवता येते आणि दिवंगत लेखकांच्या बाबतीत वारसांची संमती लागते. जाहीर प्रयोगासाठी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, आणि अनुवादित संहिता त्या कामी संपूर्ण टंकलिखित लागते, म्हणून ‘माउंटन लँग्वेज’ निवडायचे ठरल्यास अनुवादाचे काम परवानगीचे पत्र हाती येताच सुरू व्हावे. अनुवाद शक्यतो मंडळातील दोघा-तिघांनी मिळून करावा आणि प्रत्येक प्रवेश पुरा होताच मोठ्याने वाचून पाहावा. पहिला मसुदा आल्यास तो तपासून देण्यात आनंदच आहे.