वहिवाटीचा हक्क

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात मेजर ध्यानचंद ह्यांचे निधन झाले. त्यांचा देह झाशीला आणण्यात आला आणि ज्या मैदानाशी 'झाशी हीरोज' ह्या त्यांच्या संघाचे नाव जोडलेले होते, त्याच मैदानावर त्यांना अग्नी देण्यात आला. क्रीडांगणावर दहनसंस्कार होणे ही नित्याची गोष्ट नव्हे. परवानगी मिळेपर्यंत अडचणीही आल्या. जागा कोणाच्या ताब्यात आहे आणि अनुमती कोणी द्यावयाची, हा प्रश्न अधिकाराच्या दृष्टीने रास्तच होता. गावाच्या दृष्टीने मात्र त्याचे उत्तर केव्हाच देऊन झाले होते.

मराठीत अशा प्रसंगांसाठी दोन शब्द आहेत, आणि त्यांतील भेद सूक्ष्म असला तरी महत्त्वाचा आहे. एक मालकी आणि दुसरा वहिवाट. मालकी कागदावर असते, तर वहिवाट पायांनी सिद्ध होते. एखाद्याच्या शेतातून वर्षानुवर्षे गाव ये-जा करीत असेल, तर तो रस्ता मालकाच्या लहरीने बंद करता येत नाही; तुडवली गेलेली वाट हाच तेथे पुरावा ठरतो. क्रीडासंघाच्या बाबतीत प्रेक्षकाजवळ जे असते ते नेमके हेच. त्याच्या नावावर एकही समभाग नसतो, संचालक मंडळाच्या बैठकीची सूचना त्याला येत नाही. परंतु त्या संघाच्या नावाला जी किंमत आलेली असते, ती बव्हंशी त्याच्याच येण्याजाण्याने आलेली असते.

कागदाचा आणि माणसांचा हा झगडा झाशीला नवा नाही. नोव्हेंबर १८५३ मध्ये गंगाधरराव नेवाळकर निवर्तले. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी दत्तक घेतलेल्या मुलाचा वारसा लॉर्ड डलहौसीने मान्य केला नाही आणि १८५४ मध्ये झाशी खालसा झाली. राणी लक्ष्मीबाईंनी अर्ज केले, वकील नेमला, लंडनपर्यंत दाद मागितली. पण तेथील संचालकांनी निर्णय फिरवला नाही. हे 'संचालक' केवळ अलंकारिक अर्थाने नव्हेत. ते एका व्यापारी कंपनीचे खरेखुरे संचालक होते, त्यांना भागधारक होते आणि त्यांच्या बैठकीत एका शहराचे भवितव्य ठरत होते. त्या निर्णयाचे फळ सामान्य माणसाच्या वाट्याला कसे आले, हे १८५८ च्या वेढ्यात तेथे अडकलेल्या विष्णुभट गोडसे ह्यांनी 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवले आहे. खेळाची तुलना युद्धाशी करणे अनुचित ठरेल. परंतु दूरच्या दालनातील सही आणि जवळच्या गल्लीतील जीवन ह्यांमधील अंतर दोन्हीकडे सारखेच आहे.

ह्याच झाशीत पुढे छावणीच्या आणि रेल्वेच्या आश्रयाने हॉकी रुजली. १९३३ मध्ये झाशी हीरोजने कलकत्त्यास जाऊन बायटन चषकाच्या अंतिम सामन्यात कलकत्ता कस्टम्स ह्या बलाढ्य संघाला एका गोलाने हरवले. ॲम्स्टरडॅम, लॉस एंजेलिस आणि बर्लिन ह्या तीन ऑलिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळवलेल्या ध्यानचंदांनी 'गोल' ह्या १९५२ च्या आत्मकथनात आपला सर्वोत्तम सामना म्हणून निवड केली ती ह्या सामन्याची. ही निवड विचार करण्यासारखी आहे. ऑलिंपिकमध्ये ते देशासाठी खेळले. बायटन चषकात ते गावासाठी खेळले. पहिल्याने कीर्ती दिली, पण दुसऱ्यात काही निराळे समाधान असले पाहिजे.

ह्या खेळाची सूत्रे सांभाळणाऱ्यांची कहाणी इतकी निर्मळ नाही. मार्च २००८ मध्ये चिलीतील सांतियागो येथे ब्रिटनकडून पराभव झाला आणि १९२८ नंतर प्रथमच भारतीय हॉकी संघ ऑलिंपिकला मुकला. पाठोपाठ संघनिवडीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपाचे प्रकरण गाजले, आणि एप्रिलमध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने भारतीय हॉकी महासंघ निलंबित केला. २००९ मध्ये 'हॉकी इंडिया' ही नवी संस्था उभी राहिली. जुन्या महासंघाने हार मानली नाही आणि वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०१० मध्ये, विश्वचषक तोंडावर आला असताना, पुण्याच्या शिबिरातील राष्ट्रीय खेळाडूंनी थकलेल्या पैशांसाठी सरावावर बहिष्कार टाकला. खरी संस्था कोणती, ह्याचा निकाल लागेपर्यंत खेळाडू आणि प्रेक्षक दोघेही दाराबाहेर उभे होते.

त्यानंतर लीगचे युग आले. २०१२ मध्ये जुन्या महासंघाच्या पाठिंब्याने एक लीग झाली आणि एका हंगामातच आटोपली. २०१३ मध्ये हॉकी इंडियाने दुसरी सुरू केली. तिचे पहिले विजेतेपद रांची ऱ्हायनोज संघाला मिळाले. हॉकी ज्या प्रदेशात मुलांच्या हाडीमाशी खिळली आहे, त्या झारखंडच्या राजधानीत हा आनंद अपूर्व होता. पण संघाचे मालक आणि हॉकी इंडिया ह्यांच्यात बिनसले, आणि २०१५ मध्ये त्याच शहरात 'रांची रेज' ह्या नावाचा वेगळा संघ मैदानात उतरला. प्रेक्षक तेच होते. फक्त त्यांनी काय म्हणून ओरडावे हे दुसऱ्या कोणीतरी ठरवले होते. २०१७ नंतर ती लीगच बंद पडली आणि २०२४ च्या डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू झाली. मधल्या सात वर्षांत एक मूल लहानाचे मोठे होते. कोणता संघ आपला म्हणावा हे त्याला कोणी शिकवावयाचे?

झाशीचा एक धागा कलकत्त्याच्या फुटबॉलपर्यंतही जातो. ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार, ज्यांच्या गोलाने १९७५ मध्ये क्वालालंपूरच्या विश्वचषकात पाकिस्तानवर विजय मिळाला, ते मोहन बागानच्या हॉकी संघाकडून खेळले होते. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९११ मध्ये गोऱ्या पलटणीला हरवून आयएफए शील्ड जिंकलेल्या ह्या क्लबच्या फुटबॉल कंपनीतील ८० टक्के हिस्सा २०२० मध्ये एका उद्योगसमूहाने घेतला आणि आपल्या दुसऱ्या संघाचे नाव मोहन बागानच्या नावापुढे जोडले. हिरवा-किरमिजी रंग राखला गेला, तरी ती तीन अक्षरे समर्थकांना सलत राहिली. निषेध चालू राहिला, आणि मार्च २०२३ मध्ये गोव्यात विजेतेपद मिळाल्यावर ती अक्षरे काढण्याची घोषणा झाली. प्रतिस्पर्धी ईस्ट बंगालची तऱ्हा याहून क्लेशकारक झाली. गुंतवणूकदाराशी करावयाच्या अंतिम करारावर क्लबचे पदाधिकारी सही करीनात. जुलै २०२१ मध्ये क्लबसमोर जमलेल्या समर्थकांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. आतले दोन पक्ष कागदासाठी भांडत होते आणि मार बाहेरच्यांना बसत होता.

महाराष्ट्रात आणि गोव्यात तर आक्रोशही फारसा ऐकू आला नाही. मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये विसर्जित झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला पुणे एफसी आठ-नऊ वर्षांत संपला. २०१४ मध्ये आलेला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आटोपला आणि लीगमधील त्याची जागा हैदराबादला गेली. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग ह्या गोव्याच्या संघांनी राष्ट्रीय लीग सोडली. त्याच वर्षी धेंपोनेही तोच मार्ग धरला. २०२५ मध्ये तर महासंघ आणि व्यापारी भागीदार ह्यांच्यातील कराराचे नूतनीकरण रखडल्यामुळे इंडियन सुपर लीगचा हंगामच ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही.

येथे दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. संघ चालवण्यास पैसा लागतो, आणि तो बहुधा बुडण्यासाठीच घातलेला असतो. तोटा सोसणाऱ्या मालकाने तो जन्मभर सोसावा, अशी अपेक्षा धरण्याचा अधिकार टाळ्या वाजवणाऱ्याला कोणी दिला? शिवाय जुन्या क्लबांच्या कार्यकारिणी म्हणजे काही सर्वोदयी आश्रम नव्हते. तेथेही गट होते आणि एकाच खुर्चीला दशकानुदशके चिकटून राहणारे पदाधिकारी होते. प्रेक्षकांचे प्रेमही नेहमी शहाणे नसते. तेव्हा मालक वाईट आणि समर्थक साधू अशी सोपी विभागणी टिकणारी नाही.

परंतु ह्या युक्तिवादाने मालकाचा जाण्याचा हक्क सिद्ध होतो; जाताना नाव, रंग आणि स्थान बरोबर नेण्याचा नव्हे. २००२ मध्ये विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स येथे हलवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी आपला निराळा क्लब स्थापून तो खालच्या पायरीपासून वर नेला. जर्मनीत साधारणतः मतदानाचा निम्म्याहून अधिक वाटा सभासदांकडे राहावा असा नियम आहे. एप्रिल २०२१ मध्ये युरोपातील १२ धनाढ्य क्लबांनी स्वतःपुरती लीग जाहीर केली, ती समर्थकांच्या संतापामुळे तीन दिवसांत कोसळली. इंग्लंडमध्ये २०२५ च्या कायद्याने क्लबाचे बोधचिन्ह, रंग आणि नाव ह्यांच्या बदलावर बंधने घातली. भारतातही त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात खेळाडूंना संघटनांच्या कारभारात स्थान देण्याची तरतूद आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. प्रेक्षक मात्र त्याच्या केंद्रस्थानी नाही.

वस्तुतः ह्यासाठी परदेशाकडेच पाहण्याचे कारण नाही. देवस्थानाच्या व्यवहारात आपल्याकडे एक जुनी, समंजस कल्पना आहे. मिळकत देवाची असते, पुजाऱ्याची किंवा विश्वस्ताची नव्हे. विश्वस्त खर्च करतो, हिशेब ठेवतो, मानही घेतो. पण तो वहिवाटदार असतो. मूर्ती उचलून दुसऱ्या गावी नेण्याचा किंवा तिच्या नावाआधी आपले नाव लावण्याचा अधिकार त्याला नसतो. संघाचे नाव, रंग आणि गाव ह्या तीन गोष्टी अशाच ठेवीच्या मानल्या, तर धनिकाचा पैसा आणि समर्थकाचा जीव ह्यांत वैर राहण्याचे कारण उरणार नाही.

संघ बंद पडतो तेव्हा प्रेक्षकाचे काय जाते, असे विचारले जाते. सामने तर दुसरीकडेही पाहता येतात. जाते ते हे: बापलेकांना आपसात बोलण्यासाठी असलेला एक विषय, अनोळखी माणसाच्या खांद्यावर हात टाकण्याचे एक निमित्त, आणि आपण अमुक गावचे आहोत हे सांगण्याची एक रीत. ह्यांतील एकाचीही नोंद ताळेबंदात होत नाही. म्हणूनच ती पुसताना कोणाचा हात अडखळत नाही.