पूरग्रस्ताचा दाखला कुठं मिळतो?

सीनेच्या पुरात कॅमेरे, हेलिकॉप्टर, मंत्री सगळं येऊन गेलं. जे आलंच नाही, त्याबद्दल आज बोलू.

सप्टेंबर 2025 मध्ये सीना करमाळा, माढा, मोहोळच्या शिवारात घुसली. 7 ऑक्टोबरला सरकारनं 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी 47 हजार, दुभत्या जनावराला साडेसदतीस हजार. आकडे वाईट नाहीत. पण मदत सातबाऱ्यावर, घरावर, जनावरावर मोजली. माणूस मेला तर वारसाला 4 लाख. जगला आणि गाव सुटलं, तर त्याला रकानाच नाही.

नदीकाठचं एक कुटुंब सध्या मोडनिंबला भावाच्या पत्र्याच्या खोलीत आहे. दुसऱ्याच्या रानात राहून तेच रान वाट्यानं करायचे. रानाचा पंचनामा मालकाच्या नावानं झाला, तो रीतसरच झाला. हे शाळेत राहिले, शाळा भरायची म्हणून तिथनं उठले. तातडीची मदत मिळाली, संपली. घरकुलाचं विचारलं तर ती बाई म्हणाली, "दादा, गावात म्हणत्यात तुमी मोडनिंबला गेलाय. हितं म्हणत्यात तुमचं नाव तिकडं हाय. मग आमी हाय कुठं?"

मला उत्तर देता आलं नाही.

गंमत बघा, उजनी आपल्या उशाला आहे. धरणानं उठवलेल्यांसाठी राज्यानं 1976 सालीच पुनर्वसनाचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हे धरणग्रस्तांनाच विचारा, पण निदान भांडायला कागद तरी आहे. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्ताला 5 टक्के, भूकंपग्रस्ताला 2 टक्के समांतर आरक्षण आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी बसवली. पुरानं उठलेला मात्र पाणी ओसरलं की पूरग्रस्त राहत नाही. आपत्तीमुळं देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांना संरक्षण द्यावं, हे संयुक्त राष्ट्रांनी 1998 सालीच लिहून ठेवलंय. आपल्याकडं अजून साधी नोंदवही नाही.

कोण गाव सोडून गेलं, कुठं गेलं, एवढं ग्रामसेवकानं लिहिलं तरी सुरुवात होईल. पुढचा पावसाळा काय थांबणार नाही.

तुमच्या वाडीवस्तीवर असं कुटुंब येऊन राहिलं असेल तर मेसेज करा. नावं कमेंटमध्ये टाकू नका. यादी करून तहसीलला देऊ, पोच घेऊ.